चौदा हजार पसंत्या मिळूनही वाचता न येणाऱ्या नातीला जादा तासाला परत बसविण्याबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, शिक्षण विभाग,
जिल्हा भंडारा

अर्जदार : गोमाजी दाजीबा कापगते, वय ६८, धंदा शेती, मु. सावरबोडी (दिघोरीकडील)

विषय : अस्खलित वाचनाच्या रीलमुळे प्रसिद्ध झालेल्या कु. टीना हिला वाचता येत नसल्याबाबत.

संदर्भ : सदर रीलखाली आपण स्वतः टाकलेले टाळ्यांचे तीन हात.

महोदय,

सविनय सादर की, अर्जदाराची नात कु. टीना कैलाश कापगते ही गावच्या शाळेत चौथीत आहे. वाचनात मागे पडलेल्या मुलांच्या जादा तासाला ती बसत होती व दोन अक्षरी शब्द जोडू लागली होती. तेवढ्यात वर्गशिक्षक श्री. भुपेंद्र सर समाजमाध्यमांतून अध्यापनाचे दोन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आले आणि वर्गातील खडूची गरज संपली.

फळ्यापुढे मोबाईलचा स्टँड उभा राहिला. पाढे, कविता, हात धुण्याच्या पायऱ्या, सर्व काही तीस सेकंदांत बसू लागले. जे तीस सेकंदांत बसत नाही ते अभ्यासक्रमात असून नसल्यासारखे झाले. भागाकार अद्याप शिकवायचा आहे.

दि. १९ ऑगस्ट रोजी टीनाचे वाचन चित्रित झाले. चौदा हजार लोकांनी ते पसंत केले. दुसऱ्याच दिवशी सरांनी तिला जादा तासातून उठवले. अर्जदार शाळेत गेला असता सर म्हणाले, "आजोबा, अख्ख्या जिल्ह्यानं तिले वाचताना पाह्यलं. आता तिले कच्च्या पोरायत कशी बसवू? शाळेची इज्जत जाते न."

येथे नमूद करणे भाग आहे की, अर्जदाराने दिवाळीनंतर भरणाऱ्या गावच्या मंडईच्या जत्रेतील नाटकांत बावीस वर्षे पडद्याआड बसून नटांना संवाद पुरविले आहेत. संवाद पाठ नसलेल्या नटाचा कान कोणत्या विंगेकडे झुकतो, हे त्याला पाठमोरेही कळते. टीना प्रत्येक वाक्याच्या शेवटी डावीकडे पाहते. डावीकडे सर उभे आहेत. फरक इतकाच की, आमच्या नाटकात राजा झालेल्या माणसाला पडदा पडल्यावर कोणी राज्य देत नसे.

यावर समाधान न झाल्यास अर्जदाराची पत्नी धुरपताबाई हिची साक्ष घ्यावी. तिला अक्षरओळख नाही. तिने रील एकदाच पाहिली व विचारले, "पुस्तकावरच्या बैलाचे पाय वरतं काहून हायेत?" सरांनी घाईत पुस्तक हाती दिले तसे पोरीने धरले होते. चौदा हजार साक्षरांना, आपणासह, तो बैल दिसला नाही.

इथवरचे अर्जदाराने हसून सोडून दिले असते. परंतु टीना आता वर्गात पुस्तकच उघडत नाही. तिला वाचता येते असे जाहीर झाल्याने अडले तर विचारायची तिला लाज वाटते. गेल्या रविवारी रीलखालील अभिप्रायांवर बोट ठेवून ती अर्जदारास म्हणाली, "आबाजी, माह्याबद्दल काय लिवलं हाय, मले वाचून दाखवा न." अर्जदाराने वाचले. पहिल्याच ओळीत ‘किती सुंदर वाचते ही मुलगी’ असे होते. ती पुढचे ऐकायला बसून राहिली. अर्जदाराला पुढचे वाचवले नाही.

सबब विनंती की, कु. टीना हिला वाचता येत नाही असे शाळेस लेखी कळवून तिला जादा तासाला परत बसवावे. रील मात्र काढून टाकू नये. टीना खरोखर वाचू लागेल तेव्हा त्याखालचे अभिप्राय तिने स्वतः वाचावेत, अशी अर्जदाराची इच्छा आहे.

आपला, अजूनही नम्र,
गोमाजी दाजीबा कापगते
दि. ८ सप्टेंबर २०२५

सोबत : टीनाने स्वतःच्या हाताने लिहिलेले तिचे नाव, एक प्रत. जादा तास सुटेपर्यंत तिला एवढे आले होते. कागद सुलटा धरून पाहावा.