शाल, श्रीफळ आणि डावा बॅक

४ जानेवारी, रविवार
आज भिंगारच्या मुलींच्या फुटबॉल संघाचे मॅनेजरपद स्वीकारले. संघाबरोबर एक वडीलधारा माणूस असावा असा स्पर्धेचा नियम आहे, आणि अन्य कोणालाही रविवारी सवड नव्हती. हा योगायोग समजावा. निवड गुणवत्तेवरच झाली आहे. इंग्लंडमध्येही असेच घडते, हे मी टीव्हीवर पाहिले आहे. जन्मभर बॅक म्हणून बचावात खेळलेला मनुष्य केस पिकल्यावर मॅनेजर होतो आणि रेषेबाहेर हाताची घडी घालून उभा राहतो. मी भिंगारचा डावा बॅक होतो. उभ्या हयातीत मध्यरेषा ओलांडली नाही. १९७६ च्या फायनलमध्ये आपल्याच जाळ्यात गेलेला चेंडू माझ्या पायाला लागला होता हे खरे. परंतु त्या दिवशी वारा होता.
संकल्प : मैदानावर ओरडणार नाही.

७ जानेवारी
सराव घेतला. अकराही मुलींना गोलसमोर उभे राहण्यास शिकविले. नात संस्कृती कॅप्टन आहे. तिने विचारले, आजोबा, सगळ्या इथंच उभ्या राहिल्या तर गोल कोण करणार? चौथीच्या पुढे शिक्षण गेले की असे प्रश्न सुचतात. गोल न खाणे हा निम्मा विजय, असे समजावले. उरलेल्या निम्म्याचे काय, असे तिने विचारले. सराव संपविला.

११ जानेवारी, रविवार
सावेडीच्या मैदानावर पहिली मॅच. एका गोलने पराभव. संस्कृती चेंडू घेऊन एकटीच पुढे गेली होती, समोर केवळ गोलकीपर. मी मागे येण्याची सूचना दिली. सूचना पार भिंगारात ऐकू आली, असे पत्नी राहीबाई म्हणते. याला ओरडणे म्हणत नाहीत. संस्कृती आज्ञाधारक, मागे आली. चेंडू मात्र तिकडेच ठेवून आली. चूक तेथे झाली.
आता एकही मॅच हरलो तर स्पर्धेबाहेर. भिंगारला मुलींचा कप कधीच आलेला नाही. संस्कृती जेवली नाही. नंतर ती व सूनबाई विजयमाला स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुजत होत्या. माझ्या डावपेचांचा अभ्यास चालला असावा.

१८ जानेवारी, रविवार
दुसऱ्या मॅचची शिट्टी वाजते न वाजते तोच माइकवाल्या ज्ञानेश्वरने पुकारले की, ज्येष्ठ फुटबॉलपटू वैजनाथराव यांनी सत्कार स्वीकारण्यासाठी मंचावर यावे. मानाला नाही म्हणणे असभ्यपणाचे. शाल, श्रीफळ, फेटा. नंतर दोन शब्द बोलण्याची विनंती झाली. मंचाचे तोंड रस्त्याकडे असल्याने मॅच दिसली नाही. दोन शब्द संपले तेव्हा मॅचही संपली होती. चार गोलांनी विजय. माझी शिकवण मुरली.
घरी आल्यावर सूनबाईने शाल धुण्यास घेतली. राहीबाई म्हणाली, नारळ फोडू नका, पुढच्या रविवारी लागंल. काही पूजा असावी.

२५ जानेवारी, रविवार
सेमीफायनल. पुन्हा सत्कार. कीर्ती वाढत आहे. शाल त्याच रंगाची, कोपऱ्यात तसेच उदबत्तीचे भोक. उंची शालींना ते असत असावे. मी १९७६ च्या वाऱ्याविषयी सविस्तर बोललो. तीन गोलांनी विजय.
संकल्प : फायनलला सत्कार नाकारणे. खरा मॅनेजर रेषेपाशीच शोभतो.

१ फेब्रुवारी, रविवार
फायनल, सोनईविरुद्ध. ज्ञानेश्वरने पुकारले, मी हात जोडून नकार दिला. पुन्हा पुकारले, पुन्हा नकार. संस्कृती मैदान सोडून आली आणि काकुळतीने म्हणाली, आजोबा, जा ना वर, लोक काय म्हणतील. मी तिला मागे गोलसमोर उभे केले.
सोनईचे मॅनेजर आसाराम हेही जुने बॅक निघाले. तेही मुलींना मागेच बोलावीत होते. परिणामी दोन्ही संघ आपापल्या गोलसमोर, चेंडू मधोमध, आणि चेंडूशेजारी एक कुत्रे निजलेले. प्रेक्षक चहाला गेले. इतका निर्दोष पूर्वार्ध मी पाहिलेला नाही.
उत्तरार्धात ज्ञानेश्वर माइकवर म्हणाला, काढलेली शाल तशीच घडी घालून ठेवत न्हाईत, आसारामजींनी यावं. आसाराम गेले. बोलू लागले. तिकडे सोनईच्या मुली कोणी मागे बोलावीना म्हणून पुढे आल्या, त्या येतच राहिल्या. दोन गोल. कप सोनईला गेला.
वारा नव्हता.

२ फेब्रुवारी
संस्कृती बोलत नाही. राहीबाई म्हणाली, गप घ्यायची हुती की शाल. सकाळी सूनबाईने विचारले, तात्या, माझी शाल कुठंय? तिच्या लग्नातली होती म्हणे. दर शनिवारी इस्त्री करून तीच ज्ञानेश्वरकडे पोचवीत असे. मी पेपर वाचत असल्याचे दाखविले. पेपर कालचा होता.
दुपारी आसारामांचा फोन आला. आमच्या सोनईत असा मान कधी झाला न्हवता, म्हणाले. नारळ फोडून साऱ्या गल्लीत वाटला. फक्त एक इचारायचं हुतं, शालीला भोक हाय, ते कसं?
 मी सांगितले की, मोठ्या सत्काराच्या शालीला ते असतेच. मात्र अशी शाल परत पाठवावी लागते.