मागच्या दाराचा उतार

प्रिय ठकूबाई,

तुझे खांदे कसे आहेत? जोर धरू लागले का, की खुर्चीची चाकं फिरवून अजून ठणकतात? शेजारच्या खाटेवरच्या आजींचा खोकला थांबला का? व्यायाम करून घेणाऱ्या त्या कडक बाईंचा घसा बरा आहे ना? तुझ्यावर ओरडून बसला असेल! इकडे तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतोय, जीभ मात्र ठणठणीत आहे. माझ्या पाठीचा पार भुगा झालाय. का, तेच सांगतो.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. तिथून सुटलीस की घरी न येता तू त्या संस्थेतल्या खोलीत राहायला जाणार आणि महिनाअखेर तसा होकार कळवणार, असं तुझ्या दादाकडून कळलं. मला कुणाच्या हातांवरून घरात शिरायचं नाही, असं त्याला म्हणालीस, तेही कळलं. घर आपलं असं की पुढून जिना आणि मागून उंच पायऱ्या. ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मी मागचं अंगण खणायला घेतलं.

जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केली, कुदळ कधी धरली नव्हती. मोबाइलवर बघत बघत शिकलो. माती काढली, खडी पसरली, धुम्मस करून ती घट्ट बसवली, वर दगडाची बारीक कच ओढून सारखी केली आणि एकेक पेव्हर ब्लॉक रबरी हातोड्याने ठोकला. पायऱ्या गाडून दारापासून थेट खाली उतार काढला. मशिनला तेल घालणं वेगळं आणि हे वेगळं, असं तुझी आई येता-जाता ऐकवत होती. पण काम झालं तेव्हा मी असा काही मिरवलो, की शेजारच्यांनी कुंपणावरून टाळ्या वाजवल्या.

मग इथल्या दवाखान्यातून चाकांची खुर्ची मागून आणली आणि आई तीत बसली. खाली गेली ती सुळकन. वर यायला निघाली, तर अर्ध्यात अडकून मागे घसरायला लागली. मी धावलो, खुर्चीला हात घातला, तर केवढ्यांदा खेकसली माझ्यावर! हात काढा म्हणाली. पोरीने घोटभर पाणी प्यायला आत यायचं, तर दर वेळी बाबा ढकला, बाबा ढकला करायचं का? मी म्हटलं, अगं, मी आहे की. तर म्हणते, तेच तर तिला नकोय.

मला इतका राग आला म्हणून सांगू! सगळं उखडायचं म्हणजे आठवडा हातचा जाणार, आणि तोवर तुझा होकार तिकडे पोचला तर? आम्ही एकमेकांशी बोलेनासे झालो. ताटं वाढली जायची, पण समोरासमोर कुणी बसायचं नाही. रागारागातच पहिला ब्लॉक उपटला. उतार सौम्य करायचा तर तो लांब हवा, आणि लांब करायचा तर भिंतीलगत वळवायला हवा. तिथे तिचे गुलाब. त्यांना ती मला पाणीसुद्धा घालू देत नाही, तुला ठाऊक आहे. मी विचारायचं कसं म्हणून घुटमळत होतो, तर ही बाई फावडं घेऊन आली आणि स्वतःच झाडं मुळासकट काढायला लागली. मग मीही तिच्या मागोमाग माती काढली. खडी ओतत राहिलो.

आज ती पुन्हा खुर्चीत बसली. धापा टाकत, वाटेत मला शिव्या घालत, पण एकटी वर आली. मी मागून चालत होतो, हात खिशात कोंबून. स्वयंपाकघरात गेली, स्वतः पाणी प्यायली आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं!

आता मुद्द्याचं. मागच्या गल्लीत उघडेल असं एक फाटक कुंपणात बसवतोय. म्हणजे आमच्या खोलीसमोरून न जाता तू कधीही जाशील, कधीही येशील. कुठे चाललीस, असं कुणी विचारणार नाही. मी विचारलंच, तर आई मला बघून घेईल. संस्थेला काय कळवायचं ते तुझं तू ठरव, मी त्यात पडत नाही. फक्त बसल्या जागेवरून तुझा हात सहज कुठवर पोचतो, तेवढं मोजून पाठव. आईच्या हातावरून तुझा अंदाज धरवत नाही, आणि कडी कुठे लावायची म्हणून वेल्डर खोळंबलाय. होकार नको लिहूस हवं तर, नुसता आकडा लिही. पण लवकर लिही गं.

तुझाच,
बाबा