तांदळातलं नाव

आई, आज रविवारचा अख्खा दिवस तुझं लग्नाआधीचं नाव शोधण्यात गेला. काकांनी घराण्याचा कुलवृत्तांत छापायला घेतलाय, त्याचा फॉर्म माझ्याकडे आलाय. सात पिढ्यांचे पुरुष एकाखाली एक नीट लागलेत. तुझ्या नावापुढे कंसात माहेरचं नाव हवं, तिथे अडकले. तू गेल्यापासून बंद असलेली तुझी ट्रंक लालबागच्या खोलीत उघडून बसले. रेशनकार्डावर बाबांनी ठेवलेलं नाव, पासबुकावर तेच, दवाखान्याच्या कागदांवरही तेच. लग्नाचा एकच फोटो आहे. बाबा अंगठीने ताटातल्या तांदळात तुझं नवं नाव लिहितायत. अक्षरं अजून वाचता येतात. तुझी मान खाली, चेहरा दिसत नाही.

काकांना फोन केला. म्हणाले, "अगं, आमच्यासाठी ती वहिनीच. जागा मोकळी सोड, कोण बघतंय?" मग गावाला, मामाच्या मुलाला. मामा जाऊनही आता वर्षं झाली. तो म्हणाला, "बापाशीन तिका जल्मभर 'बाय'च म्हटल्यान. नाव कोणाक म्हायती? तुमचा येणा-जाणा तरी खंय होता?" लग्नातल्या मानपानावरून बाबांनी तुझं माहेर तोडलं आणि तू ते तोडू दिलंस. कधी भांडली नाहीस, कधी माझ्याजवळ बोललीही नाहीस. बाबांना तर मी कधीच माफ केलं नाही, पण आज तुझाही राग आला.

आणि मग ती दुपार आठवली. मी दहा वर्षांची. तू मसाला दळून आणायला गेली आहेस. दारात एक अनोळखी माणूस उभा आहे, हातात कापडी पिशवी. "बाय गे, ही हयसरच रवता मा?" म्हणून तो एका बाईचं नाव घेतो. आडनाव आपलंच सांगतो, पण आपल्या मजल्यावर चार खोल्या त्याच आडनावाच्या. मी म्हणते, "असं कोणी नाही इथे." शेजारच्या काकूही मान हलवतात. तो जिना उतरतो.

तू आलीस तेव्हा मी हसत सांगितलं, "एक येडा माणूस आलेला, भलत्याच बाईला शोधत," आणि ते नाव घेतलं. मसाल्याचा डबा उंबऱ्यातच ठेवून तू खाली धावलीस. बऱ्याच वेळाने एकटीच वर आलीस. मला वाटलं, आता मार बसणार. तू डबा उचलून फडताळात ठेवलास आणि म्हणालीस, "बरोबर सांगितलंस. नाही राहत ती इथे."

आठ दिवसांनी पत्र आलं, आजी गेल्याचं. त्यावरून कळलं, तो मामा होता. आजी आहे तोवर तुला एकदा भेटीला न्यायला आला होता.

संध्याकाळी काकांचा परत फोन आला, "झालं का गं?" मी झालं म्हटलं. कंसात रेघ मारली आणि फॉर्म पाकिटात घातला. हे पत्र ट्रंकेत, त्या फोटोखाली राहील. काकांना मी सांगितलं की ते नाव कोणालाच माहीत नाही. ते मी स्वतःच्या तोंडाने एकदा उच्चारलं होतं, हसत, आणि विसरले, हे सांगितलं नाही.