पोट सुधारलं की गिरजा येईल

५ जानेवारी, सोमवार
गिरजा दिवाळीला लेकीकडे, निशिगंधाकडे पेणला गेली, ती अजून तिकडेच. नातीला सांभाळायला म्हणे. नात पाचवीत आहे. खरं कारण मला माहीत आहे. मला झोप येत नाही, मग तिचीही मोडते. धाटावच्या कंपनीत जन्मभर शिफ्ट केल्या, त्याचं हे फळ. माझा दोष नाही.
रोह्याचे डॉक्टर म्हणाले, काका, आधी पोट सुधारा. रात्री लवकर आणि हलकं जेवा. भाज्या, ताक, नाचणी. दुपारनंतर चहा नको, दुपारची झोप नको.
म्हणजे भानगड पोटाची आहे. पोट सुधारलं की झोप, झोप आली की गिरजा. महिनाअखेर घरी आणतो.

६ जानेवारी
नाचणीची आंबील केली. तळाला लागली. पातेलं भिजत टाकलंय. गिरजाला फोन करून विचारणार होतो, पण सरप्राइज फुटलं असतं.
दुपारी झोपलो नाही. खुर्चीत नुसते डोळे मिटले होते. उघडले तेव्हा दिवेलागण झाली होती. चहा अर्धाच कप. दोनदा.

१० जानेवारी, शनिवार
शेजारच्या याकूबच्या खांब गावातल्या शेतावर पोपटी. मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे. शेंगा म्हणजे फायबर, तेव्हा डॉक्टरांचंच ऐकलं. जेवायला उशीर झाला तो याकूबमुळे. त्याचा जाळ धरत नव्हता.
त्याने विचारलं, वहिनींना कधी आणताय? म्हटलं, पोट सुधारलं की. तो शेंगा सोलत राहिला. मग म्हणाला, वहिनी दुपारच्या आमच्या हिच्याकडं, अजीजाकडं यायच्या. बसल्या बसल्या झोपून जायच्या. अजीजा अंगावर चादर टाकायची.
मला हे ठाऊक नव्हतं. घरात एवढा पलंग असताना दुसरीकडे कशाला झोपायचं?

११ जानेवारी
पोट ढोलासारखं. रात्री सवयीने हाक मारली, गिरजा, जागी आहेस का? ती असती तर व्हय म्हणाली असती. नेहमी जागीच असायची. ओव्याचं पाणी करायची, पोटाला हिंग लावून देत बसायची. तिला मुळात झोप कमीच लागते.

१९ जानेवारी
गिरजाचा फोन. झोप येते का, विचारलं. म्हटलं, तान्ह्या पोरासारखी. पोटही साफ.  ती म्हणाली, बरं झालं. आवाज एकदम हलका वाटला. निघायच्या तयारीत असणार.

२५ जानेवारी, रविवार
पेणला गेलो. निशिगंधाने दार उघडलं आणि म्हणाली, बाबा, हळू, आई झोपलीय. सकाळचे दहा वाजून गेले होते. बरं नाही का, विचारलं. म्हणाली, बरी आहे. आल्यावर बरेच दिवस रात्री दचकून उठायची, ‘हे बोलावतायत’ म्हणायची. आता कुठे सलग झोपायला लागलीय.
आत जाऊन बसलो. एक हात गालाखाली, तोंड जरासं उघडं. इतकी वर्षं संसार केला, पण तिला अशी झोपलेली मी पाहिलीच नव्हती.
जागी झाली तेव्हा म्हटलं, बॅग भर. ती उठून बसली. म्हणाली, “तुमाला आता झोप लागते ना? पोटपण बरं हाय ना?”
म्हटलं, हो.
म्हणाली, “मला तेवढीच काळजी होती. मग मी हितंच रायले तर चालंल?”
खरं सांगायला तोंड उघडलं होतं. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती.
म्हटलं, चालंल.
“नक्की?”
म्हटलं, नक्की. मी एकदम फिट आहे.
तिने स्वतः बसस्टँडवर सोडलं. वाटेत दोनदा हसली.

२६ जानेवारी
अंधार पडायच्या आत जेवलो. मऊ भात आणि ताक. चहा नाही. दुपारी डोळे मिटले नाहीत. पोटाची काहीही तक्रार नाही.
झोप नाही.