मास्तरांचा तक्ता

प्रिय बाबा,

हे पत्र आई तुम्हाला वाचून दाखवणार, म्हणून आधी तिलाच सांगते. आई, चष्मा शोध, गॅस बंद कर आणि बाबांच्या शेजारी बस. मधेच उठून दाराची कडी लावली का ते बघायला जाऊ नकोस. आणि आपल्या मनाने काही गाळू नकोस, जड वाटेल ते तर मुळीच नाही. बाबांच्या कामातली एक गोष्ट माझ्या हातून मोडीत निघाली आहे आणि ती त्यांना नीट सांगायची आहे.

बाबा, तुमच्या डोळ्यांचं मला आईकडूनच कळतं, कारण तुम्हाला विचारलं की "उत्तम" यापलीकडे काही निघत नाही. मधलं दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं, म्हणून तुम्ही माणसांकडे तिरकं बघता आणि समोरच्या दुकानदाराला वाटतं तुम्ही त्याच्यावर रागावलात, हे ऐकून मी आधी खूप हसले. मग आरशासमोर उभी राहून तसं तिरकं बघून पाहिलं.

इकडे आपलं हवामानाचं ऑफिस आहे तसंच आहे. तुमची खिडकीजवळची खुर्ची माझ्या वाट्याला आली, तिचं एक चाक अजून अडतं. नव्या मुलांनी तुम्हाला पाहिलेलं नाही, पण एखादा ढग ओळखता आला नाही की "मास्तरांच्या तक्त्यात बघ" म्हणतात. मास्तर म्हणजे कुणी शंभर वर्षांपूर्वीचे दाढीवाले गृहस्थ असावेत असा त्यांचा समज आहे. मी त्यांचीच मुलगी हे मी सांगत नाही. फुकटची करमणूक कशाला घालवा?

आई, इतका संसार करून बाबांनी तुला हा तक्ता धड समजावला नसणार, तेव्हा मी सांगते. आठवतं, वीज गेली की ते मला डोळे मिटून भिंतींना हात लावायला सांगायचे आणि कुठल्या भिंतीवर दुपारभर ऊन होतं ते ओळखायला लावायचे? उपग्रह तेच करतो. प्रत्येक वस्तूतून न दिसणारे अवरक्त किरण निघतात, ते मोजले की अंधारातही तिचं तापमान कळतं. ढग जितका उंच, तितका त्याचा माथा गार. पातळ ढग मात्र फसवतो. त्याच्या आरपार जमिनीची ऊब वर येते आणि तो आहे त्यापेक्षा खाली असल्यासारखा वाटतो. बाबांनी अशा दोन जातींच्या किरणांचे आकडे शेजारी ठेवून हा पातळपणा पकडला आणि कुठल्या आकड्याला कुठला ढग याचा तक्ता बनवला. तेव्हा जगात असं करणारे फार थोडे होते. तू त्यांना जेवायला हाका मारायचीस ना, तेव्हा ते हे करत असायचे.

तक्त्याचा पाया एकच, जमीन उबदार आणि ढग गार. या हिवाळ्यात ध्रुवाजवळच्या बर्फाळ मैदानावरच्या एका छोट्या विमानतळावरून तक्रार आली, की तुमच्या चित्रात आकाश निरभ्र आहे आणि आम्हाला धावपट्टीचे दिवे दिसत नाहीत. सगळ्यांनी उपग्रहाच्या कॅमेऱ्याला दोष दिला. मीही दिला, जरा जास्तच जोरात. पण मनातून चैन पडेना. आता एक उपग्रह लेझरचा झोत खाली सोडून ढगाची उंची थेट मोजतो. तुमच्या वेळी तसलं काही नव्हतं. त्याचे आकडे मी तक्त्याशी ताडून पाहिले. मी कुठेतरी चुकले असेन म्हणून पुन्हा पाहिले, आणि बाबा, तसं निघावं असं मला फार वाटत होतं. कडाक्याच्या थंडीत तिथली जमीन वरच्या हवेपेक्षाही गार होते आणि खालचा ढग तिच्याहून उबदार असतो. आई, हे सावकाश वाच. तिथे बाबांचा तक्ता ढगाला जमीन समजतो आणि जमिनीला ढग.

मी शाळेत असताना एका बैठकीत कुणीतरी हीच शंका काढली होती. तिथे ढगांपेक्षा अस्वलं जास्त आहेत, असं म्हणून तुम्ही सगळ्यांना हसवलंत आणि शंका बाजूला पडली. घरी येऊन आम्हालाही ते सांगितलंत, आम्हीही हसलो. हे आठवल्यावर मला तुमचा राग नाही आला. आमच्या साहेबबाईंनी सुचवलं होतं, की या चुकीबद्दल मी जो शोधनिबंध लिहिलाय त्यात तुमचं नाव टाळता येईल, "जुनी पद्धत" म्हटलं तरी भागेल. मी नाही म्हटलं. नाव नसेल तर तो तक्ता जिथे जिथे वापरतात तिथल्या लोकांना कळणार कसं? तिथे विमानं उतरतात, बाबा. बाकीच्या जगासाठी तक्ता आहे तसाच राहणार आहे, पण हिवाळ्यातलं बर्फ त्यातून काढलं आहे, आणि ते मी काढलं आहे.

निबंध येत्या आठवड्यात छापून येतोय. तो आला की फोन करून सांगायचं असं मी ठरवलं होतं, आणि खरं तर टाळतच होते. पण परवा आई फोनवर सहज बोलून गेली, की माझं जे काही छापून येतं ते तुम्ही तिच्याकडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेता. ती काही सोडत नाही, पानांचे आकडेसुद्धा वाचते. तिला एखादा इंग्रजी शब्द आला नाही की ती एकेक अक्षर सांगते आणि तुम्ही तो पुरा करून देता. फोन ठेवल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही दोघंच आलात. तिने काही न कळता, बातम्या वाचते त्या आवाजात तुमचं नाव वाचलं असतं आणि 'चुकीचा' अशा अर्थाच्या पुढच्या शब्दाला अडली असती. आपण काय वाचतोय ते तिला कळलं नसतं, आणि तो शब्द तुम्हाला पुरा करून द्यावा लागला असता.

आई, आता त्यांचा हात धर.

तुमचीच,
भुंगा