तुझ्या खोलीखालची जमीन

प्रिय धाकट्या,

परवा रेडिओवर तुझी मुलाखत लागली होती. बाबांनी आवाज इतका मोठा केला की शेजारचा वेल्डर भांडण झालं की काय म्हणून धावत आला. बोललास मात्र छान. हजारो वर्षं गोठून राहिलेली जमीन आता वितळतेय, तिच्यात अडकलेली मुळं, पालापाचोळा, मेलेली जनावरं कुजायला लागलीत, त्यातून कार्बन आणि मिथेन बाहेर पडतो, त्यानं हवा आणखी तापते आणि मग आणखी जमीन वितळते. माणसांनी धूर ओकणं कमी केलं तरच याचा वेग आवरेल, आणि लोकांना खरं काय ते वेळेत सांगायला हवं, असं तू म्हणालास. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं मात्र डोकं फिरलं.

का ते सांगते, पण आधी इथली खबरबात ऐक. मागचं तळं गेलं. काठाखालची जमीन वितळून फुटली आणि पाणी निघून गेलं. उरलंय ते डबकं, त्यात सारखे बुडबुडे येत असतात. मासे संपले, बदकं यायची थांबली. काठावरची झाडं प्यायल्यासारखी एकमेकांच्या अंगावर कललीत. शाळेच्या बसच्या रस्त्याला अशा लाटा आल्यात की पोरांना पाळण्यात बसल्याची मजा वाटते, आणि बस चालवणाऱ्या माझ्या कमरेचे बारा वाजतात. पालिकेत तक्रार केली, तर साहेब म्हणाले, खड्डा असता तर बुजवला असता, ही तर जमीनच खाली गेलीय, ते आमच्या खात्यात येत नाही. घ्या! आता जमिनीचं खातं कुणाकडे आहे, ते तूच विचारून सांग.

तुला आठवतं, घराखालच्या पोकळीत तू खेळण्यांची खोकी रचली होतीस म्हणून बाबांनी तुला धपाटे घातले होते? घर खांबांवर असतं ते उगाच नाही, खालून थंड वारा खेळला पाहिजे, नाहीतर घराची ऊब लागून जमीन वितळते आणि घर खाली ओढते. गावातल्या निम्म्या घरांचे खांब या माणसानं रोवले आणि प्रत्येकाला हेच बजावलं. आणि त्याच माणसानं काय करावं? तुम्ही दोघं मागे आला होतात, तुझ्या बायकोला दिवस गेले होते, तेव्हा ती सहज म्हणाली की फरशीवर पाय गारठतात. तुमची पाठ वळताच बाबांनी तुझ्या खोलीखालची पोकळी फळ्या ठोकून बंद केली, आत भुसा भरला. मी आकांडतांडव केलं. तर म्हणे, तुला काय कळतंय, उद्या नातवंड इथेच रांगणार आहे.

जमीन तशीही मऊ पडत चाललीच होती. यानं तिला आयतीच ऊब मिळाली. फळ्या पुढे मीच उचकटून काढल्या, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता टेबलावरून लिंबू पडलं की ते थेट तुझ्या खोलीत जाऊन थांबतं. तुझं दार लागत नाही, खिडकी उघडत नाही. तपासणीला आलेला इंजिनिअर भिंतीवर लाल फुली मारून गेला, उन्हाळा चढायच्या आत घर सोडा म्हणाला. माझ्या घरातली पुढची खोली मी त्यांच्यासाठी रिकामी करून ठेवलीय. बाबा ढिम्म हलत नाहीत. या वयात घराखाली पाठीवर सरपटत जातात, जॅक लावून तुळई उचलतात, पाचरी ठोकतात. गेल्या आठवड्यात जॅक चिखलात घसरला आणि तुळई त्यांच्या छातीपासून वीतभर अंतरावर आली. तुला कळवायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातलीय. मोडली बघ.

संताप संताप होतो रे! आणि त्यांच्यापेक्षा तुझा जास्त येतो. दर फोनवर तू म्हणतोस, एवढं काम संपू दे, मग कायमचा तिकडेच येतो. ते ऐकून हा माणूस जॅक घेऊन पुन्हा खाली जातो. तिकडे तुम्ही घर घेतलंत आणि पोरीची शाळाही ठरली, हे तुझ्या बायकोच्या तोंडून निसटलं तेव्हा मी ते बाबांच्या कानावर जाऊ दिलं नाही. तू तिकडे राहतोस याचा मला राग नाही. सुखात राहा. पण साऱ्या जगाला कटू सत्य तोंडावर सांगणाऱ्या तुला घरातल्या एका म्हाताऱ्याला एक वाक्य सांगवत नाही?

म्हणून हे पत्र. तू परत राहायला ये असं मी म्हणत नाहीये. दोन दिवसांसाठी ये, बाबांना समोर बसव आणि सांग की तू इथे राहायला येणार नाहीस. ते रडतील, चार दिवस जेवणार नाहीत, त्यांना मी सांभाळीन. पण ते बाहेर पडतील. हे मीही सांगितलं असतं, पण माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही, आणि इंजिनिअरच्या फुलीवर तर नाहीच. विश्वास आहे तो फक्त तुझ्या शब्दावर. म्हणून तर ते अजून त्या घराखाली आहेत.

तुझीच, वैतागलेली,
ताई