हातोडीचा ठोका

बाबा,

तुम्हाला आणि आईला इथूनच वाकून नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे? मी वेळेवर जेवते, तिला सांगा.

तुमची लेक जिंकली! मी मुकादम झाल्यावर आम्ही जहाजाचा पहिलाच पंखा ओतला. थंड झाल्यावर हातोडीने ठोकून पाहिला, तर आवाज बद्द. आत तडा होता. मालक म्हणाले, "रंग मारून पाठवून दे. कोण बघतंय?"

"देव बघतोय," मी म्हणाले. "आणि त्या जहाजावर माणसं असतील. पुन्हा ओतू."

"पुन्हा फसला तर तू घरी."

मी नोकरी पणाला लावली, बाबा. (एवढं आईला वाचून दाखवू नका.) तुम्ही तुमच्या भट्टीपुढे जोडायचात तसे डोळे मिटून हात जोडले. म्हटलं, देवा, राबणं आमचं, सांभाळणं तुझं. आमचा तोफखाना, म्हणजे इथला सगळ्यात जुना ओतारी, खो खो हसला. बाईच्या हाताखाली काम करणं त्याला पहिल्यापासूनच जड जातं.

पंखा पुन्हा ओतला आणि काल साचा फोडला. ठोका मारला आणि पंखा असा खणखणीत वाजला की सगळी शेड नाचायला लागली! मालक स्वतः चहा घेऊन आले.

आज दुसरा पंखा ओतायचा होता. कालच्या तोऱ्यात मी थेट हुकूम सोडला, तर तोफखाना जागचा हलेना. टोपी काढून म्हणाला, "ताई, आधी हात जोडा. मग ओततो."

तुमच्याच वळणावर गेलेली,
धाकटी